मैनाबाईचं सूप आणि सुकवारोची डबरी

मी सूप बोलतोय. धान पाखडणारी माझी भावंडं तुम्हाला घरोघरी सापडतील. मी जर्द्याचं, म्हणजे बिडीच्या तंबाखूचं सूप. बिडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर माझं आयुष्य गेलं, आणि ती बाई होती मैनाबाई. म्हणून माझी गोष्ट सांगायची तर तिचीच सांगावी लागते.

माझा जन्म तिरोड्याजवळच्या एका खेड्यात, फकिरा बुरडाच्या ओसरीवर झाला. फकिरा ओला बांबू चिरायचा, बोटं कापली तरी पुसून पुन्हा चिरायचा. मैनाबाईची आई अंजनाबाई सूप घ्यायला आली, तेव्हा त्याने मान वर न करताच विचारलं, ‘‘धानाले पाह्यजे का बिडीले?’’

‘‘बिडीले. पोरीचं लगन हाये.’’

मग त्याने माझी कड दोन बोटं बुटकी ठेवली, तळ दाट विणला आणि मला जरा पसरट केलं, म्हणजे मांडीवर नीट बसावं. घरी नेऊन अंजनाबाईने मला मेथी आणि कागदाच्या लगद्याने सारवलं, उन्हात वाळवलं. आमच्या भागात पोरीला भात रांधणं आधी येतं की बिडी वळणं, हे सांगणं कठीण. मैनाबाई सासरी निघाली तेव्हा माझ्यात तेंदूपत्ता कापायची कैची, पत्र्याचा फर्मा आणि दोऱ्याची गुंडी ठेवली होती. अंजनाबाईने डोळे पुसत लेकीला एवढंच सांगितलं, ‘‘सुपाले पाय लावजो नको वो.’’

मैनाबाईचा नवरा केवलराम. उंच, हाडकुळा, बोलायला कमी. एक दिवस तो बाजारातून आला आणि म्हणाला, ‘‘मी भिलाईले जाऊन राहिलो. लोखंडाचा कारखाना बनून राहिला तठी. माणसं पुरून नाही राहिले म्हणते.’’

‘‘मंग मी कावून मागं राहू?’’ मैनाबाई म्हणाली.

सन सत्तावन्नचा तो हिवाळा होता. दुर्गला पॅसेंजर गाडीतून उतरून आम्ही पायी निघालो. तिच्या डोक्यावर गाठोडं, गाठोड्यावर मी. जिकडे पाहावं तिकडे उकरलेला तांबडा मुरूम. ट्रक, क्रेन, लोखंडाचे खांब, आणि माणसं तर जत्रेसारखी. तेलुगू बोलणारे, पंजाबी, ओडिया, बिहारी, आणि मधूनच एखादा लालबुंद रशियन साहेब, डोक्यावर टोपी आणि मानेवर घामोळं. केवलरामला माती खोदायच्या टोळीत काम मिळालं. जुनवानीच्या वाटेला मजुरांचा कॅम्प होता. तिथे बांबूच्या तट्ट्याची एक झोपडी आम्हाला मिळाली.

झोपडीच्या मागे एक डबरी होती.

डबरी म्हणजे लहानसं तळं. ते जुनवानीच्या लोकांनी फार पूर्वी खोदलेलं होतं. कडेला कौहाची, म्हणजे अर्जुनाची मोठी झाडं, पाण्यावर पांढरी कमळफुलं, आणि पाणी इतकं नितळ की काठावर उभं राहिलं तर मासोळ्यांच्या पाठी दिसायच्या. पहिल्या दिवशी मैनाबाई घागर घेऊन काठावर गेली आणि बुजून उभी राहिली, कारण कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एक बाई जाळं झटकत होती. काळीसावळी, दंडावर गोंदण. तिने वर पाहिलं.

‘‘पानी लेबे का दाई? ले ले, ले ले. पानी काकरो बाप के नोहे.’’

घे, घे, पाणी कोणाच्या बापाचं नाही, असं ती म्हणत होती. मैनाबाईला शब्द अर्धे कळले, हसू मात्र पुरतं कळलं. ती सुकवारो केंवटीण, म्हणजे कोळीण. नवरा वारलेला, पदरात मूलबाळ नाही. गावाने डबरीची मासोळी तिच्याकडे सोपवली होती. पावसाळ्याच्या तोंडाला ती नदीवरून मडक्यात माशांची बारीक पिल्लं आणून सोडायची, वर्षभर त्यांना जपायची आणि मग बाजारात विकायची. त्या दिवशी तिने मैनाबाईला घरी नेऊन मडक्यातली बासी खाऊ घातली, रात्री पाण्यात भिजत घातलेला आंबूस भात, वर मीठ आणि कांदा. मैनाबाई परत आली ती हसत. केवलरामला म्हणाली, ‘‘अजी, इथं बी आपलं माणूस हाये.’’

दीड वर्षाने तारा झाली, तेव्हा दवाखाना लांब होता आणि केवलराम कामावर. सुकवारोनेच नाळ कापली. बाळंतिणीला मांगूर माशाचा रस्सा पाजला. तारा ‘आई’ म्हणायच्या आधी छत्तीसगढीतलं ‘दाई’, म्हणजे आईच, म्हणायला शिकली, आणि कोणाला उद्देशून, ते सांगायला नको.

ते दिवस आठवले की माझ्या विणीतला बांबूचा सुटलेला बेळ न बेळ पुन्हा घट्ट झाल्यासारखा वाटतो. कॅम्पात एका शेटचं गोदाम उघडलं होतं. एवढी माणसं राबत होती, त्यांना बिडी हवीच. गोदामातला मुनशी आमच्याकडच्या बायांना पत्ता आणि जर्दा द्यायचा. सकाळचं रांधून झालं की मैनाबाईच्या दारात तिला धरून सात बाया जमायच्या. सातही जणींच्या मांडीवर सात सुपं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला तेंदूपत्ता काढायचा, फर्मा ठेवून कापायचा, चिमूटभर जर्दा पसरायचा, अंगठ्याने एक वळसा, दोऱ्याचा एक फेरा. बोलता बोलता, गाता गाता बिड्यांचे कट्टे रचले जायचे. त्यांच्यात गयाबाई सगळ्यात चपळ आणि सगळ्यात तोंडाळ. तिच्या तीन पोरी, नवरा बांधकामावरून पडून कायमचा लंगडा झालेला. तिच्या बिडीवरच घर चालायचं. ती म्हणायची, ‘‘माह्या नवऱ्यापेक्षा ही कैची बरी बापा, बोलते तरी.’’

एकदा एक रशियन साहेब नकाशा घेऊन वाट चुकून आमच्या दारात आला. गयाबाईने हसत त्याच्यापुढे बिडी धरली. त्याने ती पेटवली, एक दम ओढला आणि असा खोकला की डोळ्यांत पाणी आलं. सात बाया पदर तोंडावर घेऊन हसल्या. तोही हसला. मग त्याने उरलेली बिडी, जशी सगळे टाकत तशीच, डबरीत भिरकावली.

हो, तशीच. ते मी आता सांगतो, कारण ते सांगण्यासाठीच तर बोलायला बसलो आहे.

गोदामातून येणारा जर्दा कचऱ्याचा असायचा. माती, देठ, भुकटी. तो माझ्यात घालून पाखडायचा. चांगला जर्दा माझ्या पोटाशी राहायचा, भुकटी कडेवरून उडून जायची. पत्ता कापला की त्याची कातरण उरायची, फुटक्या बिड्या उरायच्या. दिवसाकाठी सात सुपांचा कचरा. तो कुठे जाणार? डबरीत. संध्याकाळी मैनाबाई काठावर जायची, मला पालथं करायची आणि हलक्या हाताने थोपटायची. भुकटी पाण्यावर पसरायची, थोडा वेळ तरंगायची आणि खाली बसायची. पाणी गिळून टाकायचं. पाणी सगळंच गिळतं, असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं. कामावरून परतणारी माणसं हातपाय धुवायला यायची, तोंडातलं थोटूक पाण्यात टाकायची, ते ‘च्स्स’ करून विझायचं. माणसाला तो आवाज आवडतो, हे मी पाहिलं आहे. विझलेलं थोटूक मातीत टाकण्यापेक्षा पेटलेलं पाण्यात टाकण्यात त्याला काहीतरी काम पुरं झाल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या वर्षी काठाजवळची कमळफुलं गेली. तिसऱ्या वर्षी पाण्याला चहासारखा रंग आला. सुकवारो म्हणायची, ‘‘पानी ह करियावत हे बहिनी.’’ पाणी काळं पडतंय. मैनाबाई म्हणायची, ‘‘कारखान्याची धूळ असन.’’ तोवर पहिली भट्टी पेटली होती, संध्याकाळचं आभाळ तांबूस व्हायचं आणि गावातल्या प्रत्येक दुखण्याचं कारण लोक कारखान्याच्या चिमणीत शोधायचे. ते सोयीचं होतं. चिमणी फार उंच होती, तिच्याशी भांडता येत नव्हतं.

साठ सालच्या उन्हाळ्यात एक अवकाळी पाऊस झाला आणि गोदामाचं छप्पर गळलं. जर्द्याची नऊ पोती भिजली, दोन दिवसांत बुरशी धरली. मुनशी मैनाबाईला म्हणाला, ‘‘बाई, हे सडेल माल येथून हटवा. कुठंबी फेका.’’

बायांनी पोती डबरीच्या काठावर आणली. गयाबाई म्हणाली, ‘‘खड्डा कराव का?’’

मैनाबाईच्या कडेवर तारा रडत होती, ऊन चढत होतं. ती म्हणाली, ‘‘एवढ्या उनात खड्डा कोण करीन? टाक डबरीत.’’

तिच्या तोंडचे हे दोन शब्द, ‘टाक डबरीत’, मी आजवर विसरलो नाही. तीही विसरली नाही. पोती फोडून ओला जर्दा माझ्यात भरला गेला, आणि मीच तो पाण्यात ओतला. एक खेप, दोन खेपा, पुढे मोजायचं सोडलं. ज्येष्ठातली डबरी, अर्धीअधिक आटलेली. पाणी गडद झालं, वर पिवळा फेस आला.

तिसऱ्या सकाळी सुकवारोची किंकाळी ऐकू आली.

डबरीवर पांढरं काहीतरी पसरलं होतं. लांबून कमळं परत आल्यासारखं वाटलं. माशांची पोटं होती ती. रोहू, मांगूर, कोतरी, बोटाएवढी आणि हाताएवढी. सुकवारो गुडघाभर पाण्यात उभी राहून एकेक मासा उचलून पाहत होती, जिवंत आहे का म्हणून. ‘‘मोर जम्मो मछरी मरगे,’’ माझी सगळी मासोळी मेली, एवढंच ती पुनःपुन्हा म्हणत होती. तारा काठावरून ‘‘दाई, दाई’’ करत होती आणि तिला ऐकू जात नव्हतं.

त्याच संध्याकाळी कौहाच्या झाडाखाली लोक जमले. जुनवानीचे जाणते आणि आमच्या कॅम्पातले. आमच्या बाजूने बोलायला भय्याजी होता. भय्याजी म्हणजे मेट, मजुरांच्या टोळीचा म्होरक्या. कोणीतरी म्हणालं, जानराव रोज रंगाचे डबे डबरीत धुतो. जानराव भंडाऱ्याकडचा, एकटा, मुका वाटावा इतका शांत. लोखंडी खांबांना शेंदरी रंग लावायच्या कामावर होता. त्याच्या नखांतला रंग कधी निघत नसे. ते हात सगळ्यांनी पाहिले, आणि बस झालं. त्याने ते हात पाठीमागे नेले. भय्याजीने निकाल दिला, ‘‘जानराव, तुही झोपडी खाली कर. उद्यापासून टोळीत तुहं नाव नाही.’’ दोघा-चौघांनी जाऊन त्याच्या झोपडीचे तट्टे ओढून काढले.

मैनाबाई बायांमध्ये बसली होती. मी तिच्या हातात होतो. तिची बोटं माझ्या कडेला इतकी रुतली की एक बेळ मोडला.

घरी आल्यावर ती केवलरामला म्हणाली, ‘‘आमच्या गावी मिरचीवर मावा पडला का माही माय जर्दा भिजवून त्याचं पाणी शिंपत जाये. किडे पटपट मरत.’’

केवलराम भाताचा घास तसाच धरून तिच्याकडे पाहत राहिला. ‘‘मंग?’’

‘‘मंग काही नाही.’’

‘‘मैना, तू चूप राह्य. सात बायाइचं काम हाये ते. गयाबाईच्या पोरी काय खातीन?’’

ती चूप राहिली. पण दुसऱ्या दिवशी तिच्या हातून बिड्या तुटत होत्या. दुपारी ती एकटीच नाल्यावर गेली आणि फडक्यात दोन कोतऱ्या पकडून आणल्या, करंगळीएवढ्या. एक साध्या पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, सोडली. दुसऱ्या गंजात तिने मूठभर जर्दा कालवला, पाणी तांबूस होईतो हलवला, आणि दुसरी कोतरी त्यात सोडली. मासा उडी मारून बाहेर पडेल म्हणून तिने त्या गंजावर मला झाकण म्हणून ठेवलं आणि बाजूला बिड्या वळत बसली.

कोतरी माझ्या तळाला येऊन धडकली. टप्. मग पुन्हा, टप् टप् टप्, पावसाचे थेंब खालून वर पडावेत तशी. ती मला म्हणत होती, वाट दे. मी झाकण होतो. मैनाबाईने ऐकलं. तिचे हात थांबले, पण तिने मला उचललं नाही. तिला नक्की कळायला हवं होतं. धडका हळू झाल्या, लांब लांब येऊ लागल्या, आणि थांबल्या. एक कट्टा बांधून व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही गेला नसेल. शेजारच्या गंजात दुसरी कोतरी गोल गोल फिरत होती.

मैनाबाईने मेलेली कोतरी तांब्यात घातली, ताराला कडेवर घेतलं, मला उन्हाला आडोसा म्हणून डोक्यावर ठेवलं आणि सुकवारोच्या दारात गेली. सुकवारो जाळं उसवत बसली होती. आता त्याचं काही काम नव्हतं.

‘‘बहिनी,’’ मैनाबाई म्हणाली, ‘‘जानरावनं नाही मारले. आमच्या जर्द्यानं मारले. नऊ पोती आमी टाकले डबरीत. मीच म्हटलं टाक म्हणून.’’ आणि तिने तांब्या पुढे ठेवला.

सुकवारोने मासा तळहातावर घेतला, नाकाशी नेला. मला वाटलं, आता ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘‘मोला झन बता,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘ओला बता, जेला निकाल देव.’’

मला सांगू नको, ज्याला हाकललंत त्याला सांग. सुकवारो उठली, तिच्याकडे न पाहता तिच्या कडेवरून ताराला उचलून घेतलं आणि आत गेली. पोरीला घेऊन उन्हात कुठे फिरशील, असं तिने म्हटलं नाही, पण ते मैनाबाईला कळलं. ती दुर्गच्या रस्त्याला लागली, जानराव तिकडेच गाडीला गेला होता.

ज्येष्ठातलं ऊन, पायाखाली डांबर चिकटत होतं. मी तिच्या डोक्यावर होतो, तिचा श्वास मला ऐकू येत होता. बिडी वळणाऱ्या बायांचा श्वास नेहमी थोडा घरघरतो. ती मध्येच थांबायची, खोकायची, पुन्हा चालायची. स्टेशनात गोंदियाकडच्या गाडीची वाट पाहत कडुनिंबाखाली आपल्या पत्र्याच्या पेटीवर जानराव बसला होता.

‘‘जानरावभाऊ, मासे तुमी नाही मारले. मी मारले.’’

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. बोटांत बिडी होती, विझू नये एवढाच तो तिला ओठ लावत होता. मग म्हणाला, ‘‘मी बी डबे धुतले बाई त्या पाण्यात. दोन साल धुतले. माहे हात काही साफ नाही. कोणाचा रंग, कोणाचा जर्दा, पाण्याले काय समजते?’’

‘‘पण तुमाले हाकललं, आमाले नाही.’’

‘‘भय्याजीपुढं बोलशीन?’’

‘‘बोलीन.’’

बिडी बोटांपर्यंत जळत आली होती. जानरावने ती टाकायला हात उचलला, इकडेतिकडे पाहिलं, मग पेटीवर चिरडून थोटूक सदऱ्याच्या खिशात घातलं. असं करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

संध्याकाळी मैनाबाई कौहाखाली उभी राहून बोलली, परत आलेला जानराव पेटी घेऊन कडेला उभा होता. पदर डोक्यावरून सरकला, तिने सावरला नाही. भय्याजीने आधी तिला बसवायचा प्रयत्न केला, ‘‘बायामाणसानं मधात बोलू नये,’’ म्हणाला. जुनवानीचा एक म्हातारा म्हणाला, ‘‘बोलू दे.’’ ती बोलून खाली बसली तेव्हा केवलराम गर्दीतून पुढे आला. मला भीती वाटली की तो तिला ओढून नेईल. तो जानरावपाशी गेला आणि म्हणाला, ‘‘चाल, तट्टे बांधू तुहे.’’ त्या दोघांच्या मागे तिसरा भय्याजी गेला, मान खाली घालून.

गयाबाई मात्र भडकली. ‘‘तुह्या एकटीच्या तोंडापायी सात चुली बंद होतीन! धरम करायचा होता त आपल्या पोटानं करायचा होता!’’ गयाबाई खोटं बोलत नव्हती.

मुनशीने बाकीच्या बायांचं काम चालू ठेवलं, फक्त मैनाबाईला पत्ता द्यायचं बंद केलं. ‘‘तुमी लय शहाण्या झाल्या,’’ म्हणाला. दुसऱ्या पहाटे ती घमेलं घेऊन एकटीच डबरीत उतरली आणि तळाचा काळा गाळ उपसायला लागली. पाऊस यायला आठ-दहा दिवस होते. एकदा पाणी भरलं की तो गाळ कायमचा खालीच राहिला असता. थोड्या वेळाने जानराव आला. मग सुकवारो. ऊन तापायच्या आत पाण्यात आणखी एक घमेलं आदळलं. गयाबाई होती. बोलली नाही, मैनाबाईकडे पाहिलंही नाही, फक्त भरलेलं घमेलं तिच्या हातातून ओढून घेतलं आणि काठावर नेलं. तिच्या मागून बाकीच्या पाच जणी उतरल्या.

सहा दिवस ते काम चाललं. अनवाणी पायांनी त्या गाळात उभं राहून बायांना गरगरायचं, गयाबाईला तर उलट्या झाल्या. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, ‘‘हे आमी लोकाइच्या छातीत भरून राहिलो का वो, मैना?’’ गाळ दूर मुरमाच्या टेकाडावर खोल खड्ड्यात पुरला. त्यानंतर कॅम्पातला बिडीचा कचरा तिकडेच जाऊ लागला. सगळा नाही. माणसं विसरतात, पावसात कंटाळतात. पण बराचसा.

मैनाबाई रेजा म्हणून बांधकामावर जाऊ लागली, डोक्यावर विटा वाहू लागली. मी खुंटीला लागलो. त्या वर्षी सुकवारोने मासे सोडले नाहीत. ती दुसऱ्याच्या धानाच्या रोवणीला गेली, आणि बराच काळ आमच्या दारात आली नाही. ताराला मात्र रोज न्यायची. दुसऱ्या वर्षी सोडलेली पिल्लं निम्मी मेली. चौथ्या वर्षी एका सकाळी ती आली, ओल्या फडक्यात एक रोहू होता. ‘‘ले, रांध,’’ म्हणाली आणि चुलीपाशी बसली, जशी पूर्वी बसायची. मैनाबाई मासा चिरता चिरता रडली. सुकवारो म्हणाली, मसाला जास्त वाटू नको.

मग केवलराम कारखान्यात पक्का झाला. आम्ही कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात आलो. पक्की भिंत, नळ, विजेचा दिवा. कॅम्प उठला. गयाबाई दुसऱ्या टोकाच्या सेक्टरात राहते, तिची मोठी पोर नर्स व्हायला शिकते. मैनाबाईने मला इथे तांदळासाठी वापरून पाहिलं. धुतलं, घासलं, राखेने चोळलं. तारा पहिल्याच घासाला म्हणाली, ‘‘मम्मी, इसमें बिडी का बास आता है.’’ पोर शाळेत हिंदी बोलते, घरीही बोलते. तेव्हापासून मी अंगणात आहे.

मला त्या दिवसांची आठवण येते, हे मी लपवणार नाही. सात मांड्या, सात सुपं, दारातलं ऊन, कैच्यांचा आवाज, गाणी. माझ्या आयुष्यातला तोच सुखाचा काळ होता, आणि त्याच काळात मी रोज थोडं थोडं विष पाण्यात ओतत होतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीमुळे दुसरी खोटी होत नाही.

काल माझी कड सुटली. फकिराने घातलेली गाठ, नऊ वर्षं टिकली. केवलराम म्हणाला, ‘‘आता नाल्यात सोडून दे त्याले. सूप म्हणजे लक्ष्मी होय, पाण्यातच सोडा लागते.’’

मैनाबाईने मला उचललं, मांडीवर घेतलं. पूर्वीसारखंच. तिने अंगठ्याने माझ्या विणीतून खरवडलं, तर अजूनही तपकिरी भुकटी निघाली. ती बोटांवर धरून तिने केवलरामला दाखवली.

‘‘हे पाण्यात नाही जाणार.’’

‘‘मंग लोक काय म्हणतीन? सूप मातीत पुरते का कोणी?’’

‘‘म्हणू द्या.’’

अंगणाच्या कोपऱ्यात, नळापासून लांब, ती आता खड्डा खणते आहे. खोकला येतो तेव्हा थांबते. मी भिंतीला टेकून तिच्याकडे पाहतो आहे, आणि खड्डा पुरेसा खोल व्हायच्या आत तुमच्याशी बोलतो आहे. माझं एक ऐका. हातातलं थोटूक टाकण्याआधी जानरावसारखं एकदा इकडेतिकडे पाहा. पाणी बोलत नाही. ते कोणाचं नाव सांगत नाही, म्हणून तर तिथे टाकावंसं वाटतं.

मैनाबाईने कुदळ ठेवली. हात पदराला पुसते आहे. येते आहे ती.

येऊ दे. मातीत जायला मी तयार आहे.